पहिली नोकरी : सालदाराइतकी तरी बोली करा

(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपल्या बैठकीत कापसाचा भाव निघतो, विजेचे बिल निघते, सोसायटीची थकबाकी निघते. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो बैठकीत कधी निघत नाही. बैठक संपली, चपला घातल्या, टपरीवर चहा आला की निघतो. एखादा माणूस बाजूला घेतो आणि हळूच विचारतो, "पोऱ्या बी.ए. झाला भाऊ. आता त्याले कुठे लावू?"

हळूच का विचारतो? कारण हा आपला घरगुती प्रश्न आहे, चारचौघांत कशाला बोलायचा, असे त्याला वाटते. मला तसे वाटत नाही. पोराच्या कॉलेजचा पैसा कुठून आला? पऱ्हाटीतून आला, दादर विकून आला, नाहीतर सावकाराकडून आला. कोरडवाहू घरात आज सगळ्यात मोठी गुंतवणूक विहिरीत नाही, बैलजोडीत नाही; ती पोरापोरींच्या शिक्षणात आहे. तो पैसा बुडतो की उगवतो हे कशावर ठरते? पदवी हातात आल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांवर. म्हणून हा शेतीचाच प्रश्न आहे आणि तो बैठकीतच बोलला पाहिजे.

आपण बैल घेताना दात पाहतो, चालवून पाहतो, जुवाखाली मान देतो की नाही ते पाहतो. विहीर खणायच्या आधी शेजारच्याला किती हातांवर पाणी लागले, खडक कुठे लागला, सगळे विचारतो. पाडव्या-आखाजीला सालदार ठरवताना तर विचारूच नका. रोख किती, धान्य किती, उचल किती, सणाची सुटी किती, आजारी पडला तर काय, सगळी बोली होते. चार माणसे बसवून होते. आणि पोरगा पुण्याला निघतो तेव्हा आपण काय विचारतो? "नोकरी लागली ना? मग झाले!" कोणाकडे लागली, किती दिवसांची लागली, हातात काय पडणार, काही विचारत नाही. सालदार ठेवताना जेवढी बोली आपण करतो तेवढी बोली स्वतःच्या पोराच्या नोकरीची करत नाही. मला आज एवढेच सांगायचे आहे की ती बोली करायला शिका.

म्हण उलटी का झाली?

उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी, असे आपले आजे-पणजे म्हणत. आज आपणच ती म्हण उलटी करून टाकली. याबद्दल मी तुम्हाला दोष देणार नाही. ज्या धंद्यात पेरताना खर्च ठरलेला आणि विकताना भाव न ठरलेला, त्या धंद्यातून पोराला बाहेर काढावे असे बापाला वाटले तर त्यात त्याचे काय चुकले? शिवाय लग्नाची अडचण आहेच. मुलीचा बाप पाच एकरांचा धनी असतो आणि जावई मात्र नोकरदार मागतो. पोराच्या आईला हे रोज ऐकावे लागते.

पण अडचणीतला माणूस घाईत सौदा करतो आणि घाईतला सौदा नेहमी समोरच्याच्या फायद्याचा होतो. दिवाळीला पैशाची नड असली की खेडा खरेदीवाल्याला घरात येऊन कापूस द्यावा लागतो, तो म्हणेल त्या भावाने. नोकरीच्या बाजारात आपली पोरे नेमकी तशीच विकली जातात. नड दिसली की भाव पडतो.

पहिला रस्ता : भरतीची वाट पाहणे

पदवी झाली की पोरापुढे साधारण तीन रस्ते असतात. पहिला रस्ता सरकारी भरतीचा. यात वाईट काही नाही. सरकारला माणसे लागतातच, ती आपल्या घरातून का जाऊ नयेत? पण आकडे पाहून जा.

२०२३ मध्ये तलाठ्यांची भरती निघाली. जागा ४,६४४. अर्ज आले १० लाखांहून जास्त. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त पोरे. अर्जाची फी खुल्या वर्गाला १,००० रुपये आणि राखीव वर्गाला ९०० रुपये. गुणाकार तुम्हीच करा. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज होते १७ लाखांवर. एका जागेमागे शंभर. यात तुमचा पोरगा लागणारच नाही असे मी म्हणत नाही. पण शंभरातला एक लागला की गावात पेढे वाटले जातात आणि नव्याण्णव जणांच्या घरी काय झाले याची कोणी चौकशी करत नाही.

त्या नव्याण्णवांचा हिशेब मांडू. समजा पोरगा पुण्यात राहून अभ्यास करतो. खोलीतली एक कॉट, मेस, अभ्यासिका, क्लास, पुस्तके, येणे-जाणे मिळून महिन्याला १२ हजार धरा. वर्षाचे झाले १ लाख ४४ हजार. चार वर्षांचे ५ लाख ७६ हजार. आता हा आकडा आपल्या मापाने मोजा. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये होता. त्या भावाने हे झाले ७५ क्विंटल. हमीभाव पुरता पदरात पडला असे धरून बरे का! कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरले तर पाच एकरांच्या धन्याची ही तीन वर्षांची सगळी वेचणी झाली. बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी यांचा एक पैसा वजा न करता. ज्वारीने मोजाल तर त्याच हंगामातल्या ३,६९९ रुपयांच्या हमीभावाने जवळपास १५६ क्विंटल.

एवढ्यावर हिशेब संपत नाही. त्या चार वर्षांत पोराने कुठे १२ हजारांवर काम केले असते तर तेवढेच ५ लाख ७६ हजार त्याने मिळवले असते. तेही गेले. आणि सगळ्यात मोठी रक्कम वहीत लिहिताच येत नाही. बावीस ते सव्वीस ही हातपाय आणि डोके दोन्ही चालण्याची वर्षे. सव्विसाव्या वर्षी पोरगा खाजगी नोकरीला गेला की समोरचा विचारतो, "चार वर्षे काय केले?" त्याला उत्तर नसते.

राज्यसेवेला वयाची अट खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गाला ४३ पर्यंत वाढली, तेव्हा पोरांना आनंद झाला. पण अट वाढली म्हणून जागा वाढल्या का? जागा त्याच राहिल्या, वाट पाहायची मुदत तेवढी लांबली.

मग करायचे काय? बापाने आणि पोराने समोरासमोर बसून मुदत ठरवायची. दोन वर्षे म्हणा, फार तर तीन म्हणा. किती परीक्षा द्यायच्या तेही ठरवायचे. ही मुदत कागदावर तारखेसह लिहायची. मृग कोरडा गेला, आर्द्रा गेली की आपण कापसाची वाट सोडतो आणि शेतात दुसरे पीक घेतो. रान पडीक ठेवत नाही. पोराचे वय पडीक ठेवू नका. तारीख आली की दुसरे पीक पेरायचे. आणि शक्य असेल त्याने पहिल्या दिवसापासूनच अर्धवेळ का होईना, काम करत अभ्यास करावा. बापाच्या पैशावर बसून केलेला अभ्यास आणि स्वतःच्या कमाईवर केलेला अभ्यास यांत फरक असतो.

दुसरा रस्ता : जागा विकत घेणे

दुसऱ्या रस्त्याबद्दल लोक कुजबुजत बोलतात. मी मोठ्याने बोलतो. "संस्थेत जागा आहे, इतके लाख लागतील, दोन एकर विकून टाका, पोरगा आयुष्यभर सावलीत बसेल." असे सांगणारा माणूस प्रत्येक तालुक्यात सापडतो.

जागा विकत घेणाऱ्याने तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, या पैशाची पावती मिळत नाही. ज्या व्यवहाराची पावती नाही त्याची फिर्याद करायची कुठे? दुसरी, लाचलुचपत कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून सरकारी कामासाठी लाच घेणारा तर गुन्हेगार आहेच, देणाराही गुन्हेगार धरला जातो. तिसरी, जागा मिळाली तरी पगार मिळेलच असे नाही. अनुदान येईल या आशेवर विनाअनुदानित शाळांत वर्षानुवर्षे फुकट शिकवणारे मास्तर या राज्याने पाहिले आहेत. वरिष्ठ महाविद्यालयांत एम.ए., पीएच.डी. झालेली माणसे तासिका तत्त्वावर तासाच्या हिशेबाने शिकवतात. प्राथमिक शिक्षणसेवकाला तीन वर्षे जे मानधन मिळते ते २०२२ पर्यंत महिना ६ हजार रुपये होते. जानेवारी २०२३ पासून ते १६ हजार झाले. दोन एकर विकून ६ हजारांची नोकरी ज्यांनी घेतली त्यांचा हिशेब कोणत्या गणितात बसतो?

डी.एड.चे उदाहरण तर सगळ्यांना आठवत असेल. एके काळी डी.एड. म्हणजे नोकरी पक्की, म्हणून गावोगाव कॉलेजे निघाली. मग २०१२ मध्ये शिक्षकभरतीवर बंदी आली आणि २०१३ पासून टीईटी आली. पदविका घेतलेली पोरे वाट पाहत राहिली. एका वर्षी मिरचीला भाव आला की पुढच्या वर्षी सगळा शिवार मिरची लावतो आणि भाव पडतो. शिक्षणातही तेच झाले. शेजाऱ्याचे पाहून पेरू नका, हे आपण एकमेकांना शेताच्या बांधावर सांगतो. ते पोराच्या शिक्षणाला आणि नोकरीलाही लागू आहे.

जमीन एकदाच विकता येते. नोकरीसाठी जमीन विकू नका. ज्या नोकरीसाठी जमीन विकावी लागते ती नोकरी नसते, तो सौदा असतो आणि त्यात आपण गिऱ्हाईक असतो.

पक्की म्हणजे किती पक्की?

तुम्ही म्हणाल, काही झाले तरी पक्की ती पक्कीच. जरा आपल्याच जिल्ह्यांकडे पाहा. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल. ज्यांच्या आजोबांना तिथे काम होते ते स्वतःला नशीबवान समजत. भोंग्यावर गाव उठत होते. ते भोंगे थांबले. भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणी म्हणजे केंद्र सरकारची नोकरी, त्याहून पक्के काय असणार? १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडले आणि त्या कारखान्यांच्या सरकारी कंपन्या झाल्या. राज्य सरकारने १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमलेल्या नोकरांना जुनी पेन्शन ठेवली नाही आणि तिच्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यातल्या कर्मचाऱ्यांना संप करावा लागला. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नोकरीत असलेल्या ज्या शिक्षकांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे त्यांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हावे.

मी हे घाबरवायला सांगत नाही. सरकारी नोकरी आजही खाजगीपेक्षा भक्कम आहे. पण एकदा चिकटला की जन्माचे झाले, ही समजूत जुनी झाली. नोकरी मोडू शकते, मालक बदलू शकतो. पोराच्या हातात आलेले काम मात्र कोणी काढून घेत नाही. म्हणून पहिली नोकरी पाहताना ती किती वर्षे टिकेल एवढेच विचारू नका. ती सुटली तर पोरगा काय घेऊन बाहेर पडेल, हेही विचारा.

तिसरा रस्ता : खाजगी नोकरी आणि तिची बोली

आपली बहुतेक पोरे शेवटी याच रस्त्याने जातात. कोणी जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या, पाइपच्या कारखान्यात किंवा डाळ मिलमध्ये, कोणी धुळ्याच्या अवधानला, कोणी नाशिकच्या सातपूर-अंबडला, कोणी चाकण-रांजणगावला. सुरतेला तर आपला अर्धा खानदेश गेला आहे. उधना-लिंबायतमध्ये उतरा, अहिराणी कानावर पडते. तेव्हा या रस्त्याला कमी लेखू नका. फक्त निघायच्या आधी बोली करा. सहा गोष्टी विचारायच्या.

पहिली. नोकरी कंपनीची की ठेकेदाराची? गेटवर कंपनीचे नाव असते, पगारपत्रकावर ठेकेदाराचे. ठेकेदार बदलला की पोरगा पुन्हा नवा.

दुसरी. कामगार म्हणून घेता की शिकाऊ म्हणून? शिकाऊ उमेदवारी वाईट नाही. १९६१ पासून त्याचा कायदा आहे आणि हातात कसब येते. पण तिची मुदत असते, मुदत संपल्यावर कामावर घेतलेच पाहिजे असे बंधन कारखान्यावर नसते. राज्य सरकारने २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावीला ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार, सहा महिने. पुढे ती मुदत अकरा महिने केली. पोरांनी ती नोकरी समजून धरली आणि मुदत संपल्यावर 'कायम करा' म्हणत रस्त्यावर आली. शिकायला जातो आहोत की नोकरीला, हे पहिल्या दिवशीच माहीत हवे.

तिसरी. नेमणूकपत्र देता का? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अमलात आल्या. त्यांत नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. मुदतीच्या करारावरच्या माणसाला वर्षभराच्या कामानंतर ग्रॅच्युइटीचा हक्कही त्यांत आहे. पण हक्क कागदावर असतो. कागद मागणारा लागतो.

चौथी. प्रॉव्हिडंट फंड कापता का आणि त्याचा नंबर काय? जिथे वीस किंवा जास्त माणसे आहेत तिथे हा कायदा लागतो. मूळ पगाराच्या बारा टक्के आपले कापतात आणि बारा टक्के मालकाने घालायचे असतात. २०१४ पासून माणसाला एकच कायमचा नंबर मिळतो, नोकरी बदलली तरी तो बदलत नाही. आपला हिस्सा कापला पण भरला नाही असेही घडते, म्हणून दर तीन महिन्यांनी पोराने मोबाइलवर खाते तपासावे. कमी पगाराच्या माणसाला ईएसआयचा विमाही असतो. २०१७ मध्ये त्याची पगाराची मर्यादा २१ हजार केली गेली. यंत्रावर हात गेला तर दवाखान्याचा खर्च कोण करणार, याचे उत्तर तिथे आहे.

पाचवी. पगार बँकेत जमा होतो का, किती तारखेला, आणि तास किती? बारा तासांच्या कामाला आठ तासांचा पगार सांगून भाव वाढवून दाखवतात.

सहावी. तुम्ही माझ्याकडून काय ठेवून घेणार? मूळ गुणपत्रके आणि दाखले कोणाकडे ठेवू नका. दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ प्रत घरी आणा. सातबारा दुसऱ्याच्या कपाटात ठेवता का? आणि नोकरी लावून देतो म्हणून नोंदणी फी, गणवेशाची फी, प्रशिक्षणाची फी आधी मागणाऱ्याला सरळ रामराम करा. नोकरीत पैसा मालकाकडून मजुराकडे जातो. उलटा जायला लागला की समजावे, दाल में कुछ काला है.

पॅकेजचा आणि हातातला हिशेब

आता एक शब्द आला आहे, पॅकेज. "पोराला दोन लाख चाळीस हजारांचे पॅकेज आहे." ऐकायला मोठे वाटते. महिन्याचे झाले २० हजार. पण पॅकेजमध्ये मालकाच्या हिश्शाचा फंडसुद्धा मोजलेला असतो. मूळ पगार १५ हजार धरला तर मालकाचे १,८०० आणि पोराचे १,८०० गेले. २०० रुपये व्यवसायकर गेला. ईएसआय असेल तर तो गेला. हातात राहिले साडेपंधरा-सोळा हजार. फंडाचा पैसा पोराचाच आहे, तो बुडाला नाही. पण खोलीभाडे त्यातून देता येत नाही.

समजा हा पोरगा पुण्याजवळ आहे. खोली, मेस, प्रवास, मोबाइल, आजारपण मिळून १० हजार गेले. उरले सहा हजार. त्याचाच मित्र जळगावात १२ हजारांवर आहे. घरून भाकरी नेतो, बसला आणि चहाला अडीच हजार जातात. त्याचे उरले साडेनऊ हजार. गावात मात्र पुण्याच्या पोराचा मान मोठा, आणि सोयरीक त्याच्याकडे आधी येते!

म्हणून पुण्याला जाऊच नये का? तसे नाही. हिशेबाचे पान उलटा आणि मागे दुसरा प्रश्न लिहा. तीन वर्षांनी कोणाला काय येत असेल? पुण्याचा पोरगा सीएनसी यंत्र चालवायला, त्याचा आराखडा वाचायला शिकला असेल तर तीन वर्षांनी त्याला दुप्पट देणारा भेटेल. तो नुसत्या पेट्या उचलत असेल तर तीन वर्षांनीही पेट्याच उचलेल. जळगावचा पोरगा आडत्याकडे वही लिहिता लिहिता जीएसटी, मालाची प्रत, वजन, भावाची चढउतार शिकला असेल तर त्याला स्वतःचा धंदा करता येईल. पहिल्या नोकरीचे पीक पगार आहे आणि बियाणे कसब आहे. पीक खाऊन टाकले तरी चालेल, बियाणे मात्र राखले पाहिजे.

वाकोदच्या मुलाचे काय झाले

याचे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन. जन्म १९३७. वाणिज्य आणि कायदा शिकले. सरकारी अधिकाऱ्याची जागा समोर आली होती, ती त्यांनी घेतली नाही. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला घरातली ७ हजारांची साठवण घेऊन रॉकेल विकायला लागले. पुढे शेतीला लागणाऱ्या मालाच्या एजन्सी घेतल्या. १९७८ मध्ये केळीच्या पावडरचा एक कारखाना विकत घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढू लागले. १९८० च्या सुमारास पाइप, त्यानंतर ठिबक. २०१६ मध्ये ते गेले.

लोक ही गोष्ट सांगतात आणि पोराला म्हणतात, "तूही नोकरी सोड." मी तसे सांगणार नाही. त्यांच्या घरात ७ हजार साठवलेले होते. तुमच्या-आमच्या घरात सात हजारांचे कर्ज असते. जागा नाकारणारे पुष्कळ असतील, त्यातले सगळेच कारखानदार झाले नाहीत. मला त्या गोष्टीत वेगळे दिसते. रॉकेल हे काही त्यांचे जन्माचे काम नव्हते. पण त्या कामाने त्यांना गावे दाखवली, शेतकऱ्याला काय लागते आणि तो केव्हा पैसे देऊ शकतो हे शिकवले. पुढचा सगळा धंदा त्या माहितीवर उभा राहिला. पहिले काम लहान असले तरी चालते. ते डोळे उघडणारे असावे.

मुलींची बोली कोण करणार?

समोर बसलेल्या बहिणी म्हणत असतील, सगळे पोराचेच बोलणे चालले आहे. बरोबर आहे तुमचे. मुलगी बी.एस्सी. झाली, नर्सिंग झाली, की आपण म्हणतो, लग्न होईपर्यंत काय नोकरी करायची? तिच्या शिक्षणाला पैसा लागला नव्हता का? २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी सरकार भरते. म्हणजे पुढच्या काळात शिकलेल्या मुली घरोघर असतील. त्यांना घरी बसवून ठेवणे म्हणजे पिकलेला कापूस झाडावरच पावसात भिजू देणे आहे.

मुलीच्या नोकरीलाही तीच सहा कलमांची बोली करा. त्यात दोन जास्त घाला. राहायची सोय कुठे आणि रात्रपाळीला जाण्या-येण्याची गाडी कोणाची? आणि २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती आहे का? दहा किंवा जास्त माणसे असलेल्या ठिकाणी ती असलीच पाहिजे. हिशेबात तिच्या बाजूने काही गोष्टीही आहेत. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे. त्याच वर्षी एप्रिलपासून महिना २५ हजारांपर्यंत त्यांना व्यवसायकर नाही. आणि फंडाचा नंबर लग्नानंतरही तिचाच राहतो. आपण लेकीला भांडी देतो, कपाट देतो. लग्नाआधी दोन वर्षे नोकरी केली असेल तर ती स्वतःच्या नावाचे खाते आणि हातात कमाईचे काम घेऊन सासरी जाते. हे कपाटापेक्षा जास्त कामाला येते.

आणि जो शेतावर परत येतो त्याचे?

काही पोरे परत येतील. काही मनाने येतील, काही नाइलाजाने. त्यांना नापास समजू नका. पण जसा गेला तसाच परत आला तर एका नांगरामागे दोन माणसे होतील, उत्पन्न तेच राहील. त्याने काहीतरी शिकून यावे. जिनिंगमध्ये दोन हंगाम काढून रुईचा उतारा, ओलावा, धाग्याची लांबी समजून आलेला पोरगा गावाचा कापूस विकताना आपल्या बाजूने बोलू शकतो. शेतकऱ्यांच्या कंपन्या निघाल्या आहेत, त्यांना हिशेब ठेवणारी, परवाने काढणारी, माल तपासणारी माणसे लागतात.

कृषी पदवी किंवा पदविका झालेल्यांसाठी केंद्राची कृषी चिकित्सालय योजना २००२ पासून आहे. पंचेचाळीस दिवसांचे मोफत प्रशिक्षण आणि धंद्याच्या कर्जावर ३६ टक्के, महिलांना व अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के अनुदान अशी तिची रचना. पण दुकान टाकण्याआधी दुसऱ्याच्या दुकानात वर्षभर नोकरी करा. खते-औषधांचे दुकान माल खपला नाही म्हणून बुडत नाही, उधारीत बुडते. ती उधारी कशी वाढते आणि कशी वसूल होते हे दुसऱ्याच्या गल्ल्यावर बसून शिकलेले बरे.

घरी जाऊन करायचे काम

भाषण ऐकून टाळ्या वाजवून जाऊ नका. घरी गेल्यावर तीन कामे करा.

एक, पोरगा किंवा पोरगी शेवटच्या वर्षाला असेल तर निकालाची वाट न पाहता एक कागद घ्या. आतापर्यंत शिक्षणाला काय लागले ते लिहा. पुढे किती महिने घरातून देता येईल ते लिहा. कर्ज किती आहे तेही लिहा. बापाने लपवू नये. घराची खरी स्थिती माहीत असलेली पोरे सहसा बहकत नाहीत. जी बहकतात त्यांना बहुतेक वेळा आपण काही सांगितलेलेच नसते.

दोन, भरतीची परीक्षा द्यायची असेल तर शेवटची तारीख त्याच कागदावर लिहा आणि दोघांनी सह्या करा.

तीन, हे गावाने मिळून करायचे काम आहे. आपल्या गावातून बाहेर नोकरीला गेलेल्यांची यादी करा. कोण कुठे, कोणाच्या हाताखाली, हातात काय पडते, फंड भरला जातो की नाही, ठेकेदाराने कोणाला फसवले, सगळे विचारून वहीत ठेवा. बाजार समितीत गाडी नेण्याआधी आपण चार ठिकाणचा भाव विचारतो. नोकरीच्या बाजाराचा भाव सांगणारी वही एकाही गावात नाही. पोरे दिवाळीला घरी येतात. भाऊबीजेनंतर एक दिवस त्यांना देवळासमोर बसवा, नव्या पोरांना समोर बसवा आणि बोलू द्या. बढाया मारणारे मारतील, पण दहा जण एकत्र बसले की खरे बाहेर येते.

आपण पिढ्यान्‌पिढ्या आपला माल दुसऱ्याने ठरवलेल्या भावाने विकत आलो. पोरांच्या वीस-पंचवीस वर्षांच्या कष्टाचा माल तरी डोळे मिटून गाडीत टाकू नका. विचारा, मोजा, लिहून घ्या. सालदाराने आपल्याला विचारले तेव्हा आपल्याला राग आला नाही, उलट माणूस सरळ आहे असे वाटले. बोली करणाऱ्या पोरालाही चांगला मालक हाकलून देत नाही. जो हाकलून देतो, त्याच्याकडे आपला पोरगा लागला नाही हे बरेच झाले असे समजा.